नेमाण्णा आणि चौथा बोल्ट

पलूसमधल्या माझ्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडे कुणाचा तरी उद्धार चालला होता. "खायाला घालाय लागत न्हाई, कापड घ्याय लागत न्हाई. एकच काम हाय तुला साऱ्या जन्मात, आणि ते बी जमंना व्हय गं?" आवाज असा, की माझ्या हातातला चहा निम्मा बशीत गेला. मी आदल्या संध्याकाळी साताऱ्याहून आलो होतो, हायस्कुलात शास्त्र शिकवायला. नेमगोंडा पाटलांच्या, म्हणजे नेमाण्णांच्या, घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या होत्या. घरमालक सुनेला असं बोलत असेल तर बिऱ्हाड उद्याच हलवलेलं बरं, असा विचार करून मी खिडकीतून डोकावलो. अंगणात सून नव्हती. कुणीच नव्हतं. साठीचे, उंच, पांढऱ्या टोपीतले नेमाण्णा एकटेच उभे होते आणि दाराच्या कडीला बोलत होते.

मला पाहताच त्यांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा मऊ झाला. झोप लागली का म्हणून विचारलं. खोलीत ढेकूण नाहीत म्हणाले, पण चुकून निघाला एखादा तर मारू नका, मला हाक मारा, मी नेऊन सोडतो. मग पुन्हा कडीकडे वळले आणि राहिलेलं बोलून घेतलं.

याचा उलगडा त्यांच्या बायकोने, पद्माक्कांनी केला. नेमाण्णा मूळचे जमदग्नी. तरुणपणी गावात त्यांना लोक वाट सोडून जात. बऱ्याच वर्षांपूर्वी गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनिमहाराज चातुर्मासाला राहिले होते. त्यांच्यापुढे सगळ्यांनी काही ना काही नियम घेतला. कुणी कांदा सोडला, कुणी विडी सोडली. नेमाण्णांनी राग सोडला. कोणत्याही जिवावर रागावणार नाही, असं हात जोडून म्हणाले. घरी आले आणि उंबऱ्याला ठेच लागली. त्या दिवशी उंबऱ्याने जे ऐकून घेतलं, ते पद्माक्का मला सांगेनात. "निर्जीवाचं महाराज काय बोललं न्हाईत," एवढंच नेमाण्णांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी पुढे कधी बदललं नाही.

मग मला त्या घराची सवय झाली. सकाळी कडी, आंघोळीच्या वेळी बंबाची तोटी, दुपारी छत्री, बातम्यांच्या वेळी रेडिओ. रेडिओवरचा राग बातम्या देणाऱ्यावर नसे, खरखरीवर असे. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं, तर त्याला ते रोज म्हणायचे, बाकीची सारी दुनिया पुढं गेली, तू हितंच बस. हे सगळं दणदणीत आवाजात. समोरून कुणी गडी, पोर, कुत्रं, चिमणी गेली की आवाज एकदम खाली. पद्माक्का म्हणायच्या, आमच्या घरात माणसं सुखी हायती, भांड्यांचा जीव मातुर हैराण हाय.

पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की हे दिसतं तेवढं साधं नाही. एकदा धोंडीबा नावाच्या त्यांच्या जुन्या गड्याने विहिरीवरची मोटार चालूच ठेवली आणि ती जळाली. धोंडीबा मान खाली घालून सांगायला आला. नेमाण्णा त्याला म्हणाले, असू दे गड्या, माणूस हाय, चुकायचंच. मग ते विहिरीवर गेले आणि त्या जळक्या मोटारीला अर्धा तास बोलले. झोप काय काढतोस, ध्यान कुठं असतंय तुझं, दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस काढणार. धोंडीबा शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता आणि मधून मधून मान हलवत होता. बोलून संपल्यावर त्यानेच नेमाण्णांना पाण्याचा तांब्या दिला. कुणाचं बोलणं कुणाला लागायचं, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. नवखा मीच होतो.

आता गाडीचं सांगतो.

गोठ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची एक जुनी विलायती मोटार होती. काळी, लांब नाकाची, बटाट्याएवढ्या डोळ्यांची, दाराखाली पाय ठेवायला फळी असलेली. संस्थानं गेली तेव्हा एका संस्थानिकाच्या पागेतून ती विकायला निघाली आणि नेमाण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ बाळगोंडा, म्हणजे दादा, यांनी मिळून घेतली. रंगामुळे गावाने तिचं नाव म्हैस ठेवलं. बोलताना म्हस. पाटलांची म्हस आली, म्हस गेली, म्हस आज कराडला गेलीया. एके काळी ती खूप हिंडली होती. माझ्या वेळेला मात्र ती शेडबाहेर पडत नसे. दर रविवारी नेमाण्णा तिचं इंजिन सुरू करत, बाजूला स्टुलावर बसून दहा मिनिटं ऐकत, आणि बंद करत. चाकांत हवा भरत, काचा पुसत, पण फाटकाबाहेर नाही. असं अकरा वर्षं चाललं होतं. आणि गंमत म्हणजे घरातल्या यच्चयावत वस्तूंना शिव्या खाव्या लागत होत्या, पण या गाडीला त्यांनी कधी ब्र म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, आण्णा, गाडी बाहेर का काढत नाही. ते म्हणाले, मास्तर, ऊन लय झालंय, आत बसा. मी पुन्हा विचारलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाला दोनेक वर्षं झाली असतील. एका रविवारी सकाळी सांगलीहून दादांचा मुलगा भरत आला. हे दादा गेली अकरा वर्षं सांगलीत मुलाकडे राहत होते. भरतने सांगितलं, मिरजेच्या दवाखान्यात दादांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, आता बरे आहेत, गुरुवारी घरी सोडणार. पण ते सांगलीला यायला तयार नाहीत. पलूसलाच जायचं म्हणतात. आणि टॅक्सीने नको, एसटीने नको. नेमा म्हस घिऊन आला तर जाईन, न्हाईतर हितंच ऱ्हाईन, असं डॉक्टरांनाही सांगून झालं आहे. हे सांगताना भरतला लाज वाटत होती. घाबरतही होता. नेमाण्णांनी त्याला जेवू घातलं, त्याच्या पोरांची चौकशी केली, पिशवीभर पेरू दिले आणि एसटीपर्यंत सोडून आले. दादांबद्दल चकार शब्द नाही. आले ते थेट शेडमध्ये गेले.

गाडीचा पाण्याचा पंप गळत होता. दहा मिनिटं ऐकायला चालायचं, पण मिरजेला जाऊन यायचं तर वाटेत इंजिन उकळलं असतं. दुरुस्ती फार नव्हती. पंप काढायचा, आतलं पाणी अडवणारं काळं दोरकं बदलायचं, पुन्हा बसवायचा. पंपाला चार बोल्ट होते. रेडिएटर उतरवून नेमाण्णांनी पाना लावला. पहिला सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याने थोडी कुरकुर केली. चौथा, खालच्या कोपऱ्यातला, हलला नाही.

नेमाण्णांनी टोपी काढून स्टुलावर ठेवली. मला वाटलं आता त्याची गत दाराच्या कडीसारखी होणार. पण कडीला, छत्रीला, तोटीला ते बोलत त्यात एक प्रकारची रोजची गोडी असे. हे तसं नव्हतं. सुरुवातच खालच्या आवाजात झाली. "ह्या तिघांनी ऐकलं. तू कोण लागून गेलास?" मग आवाज चढत गेला. पाना घसरला, बोटांची सालटं निघाली, रक्त आलं. माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, मास्तर, तुमाला न्हाई न्हवं लागलं? आणि पुन्हा बोल्टाकडे. सूर्य कलला तेव्हा पद्माक्कांनी हाक मारली, कारण त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. नेमाण्णा हात धुऊन जेवायला बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. भाकरीला नाही, वाटीला नाही.

सोमवारी बोल्टावर घासलेट सोडलं. तासातासाला थेंब थेंब. मी शाळेतून आलो तर नेमाण्णा तिथेच. त्यांचं मत, मी शास्त्र शिकवतो म्हणजे मला बोल्टाचं कळत असणार. मी गंज कसा धरतो ते सांगितलं. लोखंडाला हवा आणि पाणी लागलं, आणि बरीच वर्षं कुणी हात लावला नाही, की बोल्ट आणि त्याचं भोक एकजीव होतात. नेमाण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प झालो. मग ते बोल्टाला म्हणाले, "ऐकलंस? मास्तरांना बी ठावं हाय तुझं. कुणी हात लावला न्हाई म्हणं. तू लावलास व्हय हात?"

मंगळवारी शेजारचा शंकर फिटर आला. जवळच्याच कारखान्यात कामाला होता, हात कसबी. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, आण्णा, छिन्नीने डोकं उडवू. नेमाण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं, की डोकं उडवायची भाषा माझ्या गोठ्यात नको. शिवाय डोकं उडालं आणि बोल्ट आतच राहिला तर काय, हे शंकरलाही माहीत होतं. मग गाडी उभी ती कायमचीच. म्हणून शंकरने पान्याला हातभर लांब पाइप जोडला. पाइपला तो, मी आणि धोंडीबा. गाडीची चाकं हलली, शेडचा खांब करकरला, बोल्ट जागचा हलला नाही. तिसऱ्या झटक्याला पाना निसटला आणि पाइपचं टोक माझ्या हनुवटीवर बसलं.

तेव्हा मात्र माझंही डोकं फिरलं. तीन दिवस शाळेचे पेपर तसेच पडून होते. सदऱ्याला ग्रीस लागलं होतं, तोंडात रक्ताची चव. मी नेमाण्णांना म्हणालो, मिरज काय लंडनला नाही, टॅक्सी करा आणि माणूस घेऊन या. म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापायी चार माणसं वेठीला कशाला. मी ते चढ्या आवाजात बोललो. त्या घरात जिवंत माणसावर आवाज चढवलेला बहुधा मीच पहिला. शंकर खाली पाहू लागला. नेमाण्णा रागावले नाहीत. आत जाऊन हळद घेऊन आले, स्वतःच्या हाताने माझ्या हनुवटीला लावली आणि म्हणाले, खरं हाय तुमचं, तुमी जावा, मी बघतो. त्याने माझा राग वाढलाच. असल्या माणसाशी भांडताही येत नाही. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

भिंतीपलीकडून आवाज येतच होता. आता माझे कान त्या बोलण्याकडे लागले होते, आणि ऐकता ऐकता माझी लेखणी थांबली. कारण ते बोल्टाला बोलण्यासारखं नव्हतं.

"कुणाला इचारलंस? कुणाला इचारून न्हेलीस? आव्वा हितं तळमळतीया आणि तू तिकडं लग्नात मांडी घालून जेवतोस. एक माणूस धाडायचा हुतास. बैलगाडीनं न्हेली मी तिला, बैलगाडीनं."

मी बाहेर आलो. पद्माक्का अंगणात उभ्या होत्या. त्यांनाही ते ऐकू येत होतं. त्यांनी मला खुणेनेच बसायला सांगितलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी दादा गाडी घेऊन कराडकडे एका लग्नाला गेले होते. संध्याकाळी येतो म्हणाले, आग्रहापोटी मुक्काम केला. नेमक्या त्याच दिवशी आव्वा, म्हणजे दोघांची आई, छातीत दुखून कोसळली. नेमाण्णांनी तिला बैलगाडीत घालून स्टेशनकडे नेलं. मिरजेची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या गाडीची वाट बघताना आव्वा फलाटावरच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडी घेऊन आले तेव्हा दारात गर्दी होती.

आणि नेमाण्णांनी तर त्याच्या तीन वर्षं आधी नियम घेतलेला. ते दादांना काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. जेवायला वाढायचे, पाणी द्यायचे, पण बोलणं नाही. दादा दोन महिने त्या घरात राहिले. मग एक दिवस आपली पेटी घेऊन मुलाकडे सांगलीला गेले. पद्माक्का म्हणाल्या, बोललं असतं तर ऱ्हायलं असतं हो.

बुधवारी माझ्या हायस्कुलाला सुट्टी नव्हती. मी रजा टाकली. अर्जात कारण लिहायचं होतं, तर मी घरगुती अडचण लिहिलं.

त्या दिवशी दुपारी नेमाण्णा शेडमध्ये बोल्टासमोर उकिडवे बसले होते. आवाज बसला होता, पण चालूच होता. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजू लागले होते. आणखी दोनदा पाना घसरला असता तर मग धरायलाही काही उरलं नसतं. तेवढ्यात पद्माक्का आल्या. कमरेला पदर खोचलेला, हाताला भाकरीचं पीठ. मी त्या बाईला वर्षभरात मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"आवं, पुरं करा," त्या म्हणाल्या. "चार दिस ऐकतीया मी. ज्याला बोलायचं त्याला बोला की. ह्या लोखंडाला काय कळतंय आव्वा कोण आणि लगीन कुणाचं? तिकडं तो माणूस दवाखान्यात पडलाय, तुमी एक शब्द बोलाल म्हणून अकरा वर्सं वाट बघतोय. आणि तुमी हितं बोल्टाला शिव्या घालताय. कसला नियम म्हणायचा ह्यो? माणसाला मारून मुंगीला साकर."

नेमाण्णा उठले. मला वाटलं आता काहीतरी होणार. पण ते नुसते उभे राहिले. मग पुन्हा बसले. पद्माक्का तिथेच उभ्या होत्या. धोंडीबा हळूच गोठ्याकडे निघून गेला.  पहिल्यांदाच त्या शेडमध्ये मला म्हशीच्या, म्हणजे खऱ्या म्हशीच्या, रवंथाचा आवाज ऐकू आला.

मग नेमाण्णा मला म्हणाले, मास्तर, लोखंड तापलं की फुगतंय, व्हय न्हवं? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, मंग गार हुताना मेण चाखवलं तर आत जाईल. ही युक्ती त्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. चार दिवस सुचली नाही, कारण चार दिवस बोल्ट सोडवायचा होता की त्याला बोलायचं होतं, हेच ठरलं नव्हतं.

शंकरने तांबटाकडून ब्लोलॅम्प आणला, म्हणजे पंप मारून पेटवायचा हातातला स्टोव्हच. पेटवण्याआधी नेमाण्णांनी फडक्याने गाडीखालच्या मुंग्या बाजूला सारल्या. मुंग्यांची रांग लांब होती, त्यात पाव तास गेला. शंकर उगीच खोकत राहिला. मी वाण्याकडून मेणबत्ती आणली, तर नेमाण्णांनी विचारलं, मधमाशीचं मेण न्हाई न्हवं? मी सांगितलं, मधमाशीचा आणि याचा काही संबंध नाही. मग ज्योत बोल्टाभोवती फिरू लागली. लोखंड तापून रंग बदलू लागलं तसा दिवा बाजूला घेतला, आणि नेमाण्णांनी मेणबत्ती बोल्टाच्या कडेला टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं, धूर झाला, खरपूस वास सुटला. दोनदा असं केलं. मग नेमाण्णांनी पाना बसवला. पाइप नाही, जोर नाही. आधी सोडवायच्या उलट बाजूला किंचित दाबला, घट्ट करायला. मग सोडवायला. पुन्हा घट्ट. पुन्हा सोडवायला. एक शब्द नाही.

टक असा बारीक आवाज झाला. मला वाटलं मोडला. शंकरने माझा दंड धरला. नेमाण्णांनी पाना काढून बोटांनीच बोल्ट फिरवला आणि तो फिरला. अर्धा वेढा, एक वेढा, मग लाल गंज सांडत बाहेर. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून स्टुलावर ठेवला.  पद्माक्का आत भाकऱ्या टाकायला गेल्या.

गुरुवारी दुपारी आम्ही मिरजेला निघालो. नेमाण्णा चालवत होते आणि मी मागे पाण्याचा डबा मांडीवर घेऊन. अकरा वर्षांनी म्हस रस्त्यावर आली तर पलूसचा निम्मा बाजार बाहेर येऊन उभा राहिला. नेमाण्णांनी कुणाकडे पाहिलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर दादा बसले होते. नेमाण्णांसारखेच उंच, पण वाळून गेलेले, अंगावर सदरा लोंबत होता. शेजारी भरत. दादा उठले, गाडीजवळ आले, मडगार्डवर हात फिरवला.  नेमाण्णांनी पुढचं दार उघडून धरलं. भरतला दादांनी परत पाठवलं.

सांगली गेली. बुधगाव गेलं. पुढच्या सीटवर दोन पांढऱ्या टोप्या सरळ रस्त्याकडे बघत होत्या. पंप एक थेंब गळत नव्हता. तासगाव यायच्या अलीकडे दादा बोलले.

"नेमा, बोल की रं," ते म्हणाले. "अकरा वर्सं झाली. मला झोप न्हाई. तू घाल शिव्या, पायातलं काढून मार. पर गप बसू नको. ऑपरेशनच्या टेबलावर हेच मनात हुतं, की मेलो तर तुझं बोलणं न ऐकताच जायाचं."

नेमाण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.  मग ते दादांकडे वळले आणि बोलले.

मी ते इथे सगळं लिहिणार नाही. थोडं मी भिंतीपलीकडून आधी ऐकलं होतं. बरंचसं नवीन होतं. आव्वा फलाटावर शेवटी काय म्हणाली, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. बाळगोंडा जेवला का, असं विचारलं तिनं. हे सांगताना नेमाण्णांचा आवाज एवढा चढला, की उसाच्या फडातून एक बाई खुरपं घेऊन बाहेर आली आणि मला खुणेने विचारू लागली, काय झालं. मी हात हलवून सांगितलं, काही नाही. दादा डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदाही बोलले नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलं नाही. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी समाधानच म्हणेन. तहानलेल्या माणसाने घटाघटा पाणी पीत राहावं, तसे ते ऐकत होते.

संपल्यावर नेमाण्णा खाली उतरले आणि फळीवर बसले. दम लागला होता. मग एकदम सूर्याकडे पाहून उठले. पद्माक्कांनी दिलेला डबा काढला, मऊ भात आणि मुगाचं पाणी. दादांना म्हणाले, दिवस बुडायच्या आत खावा. दादा खाऊ लागले. नेमाण्णांनी स्वतः काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बस्तीत गेले, नियम मोडल्याचं देवापुढे सांगितलं आणि एक दिवसाचा उपास केला. मला वाटलं, झालं, मिटलं. तर तिसऱ्याच दिवशी दादांनी औषधाची गोळी खिडकीतून टाकून दिली. नेमाण्णांनी ते पाहिलं आणि दादांना असं फैलावर घेतलं, की पत्रा हादरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. मग दादा चोरून तंबाखू खाताना सापडले, उपास. पावसात भिजून आले, उपास. दादाही काही कमी नव्हते. मला तर शंका यायची, की चार दिवस शांततेत गेले की ते मुद्दामच काहीतरी करायचे. पद्माक्का दर वेळी नुसत्या म्हणायच्या, आज ह्यांचं ताट मांडू नका.

त्या पावसाळ्यात नेमाण्णा फार वाळले. गळ्याची हाडं दिसू लागली. एका संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, पोटात अन्न नाही, शेजारी दादा पेज पीत होते. नेमाण्णांनी ती दोन वाट्यांत वर-खाली करून निववून दिली होती. मला राहवलं नाही. मी म्हणालो, आण्णा, हे वय आहे का इतके उपास करायचं? थोडं कमी बोला त्यांना.

नेमाण्णांनी दादांच्या हातातली रिकामी वाटी घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, अकरा वर्सांचं बोलायचं ऱ्हायलंय. जेवत बसलो तर कवा संपायचं?"